पुरे

गोदूआत्या गेली. वय त्र्याण्णव,
त्यातली साठ वर्षं वेकफील्डची.
रुबार्बच्या देठांची ती अंबाडी करायची,
वर लसणाची चरचरीत फोडणी.
"ओळखा बघू," म्हणायची.
आम्ही मुद्दाम हरायचो.

लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी,
यंत्रांच्या खडखडाटात डावा कान गेला.
उजवीकडे बसायचं, एवढाच तिच्या घरचा नियम.

शेवटी शेवटी इंग्रजी पार विसरली.
केअर होममधली मॉरीन मग
हातात पेजेचा चमचा धरून
एकच मराठी शब्द शिकली.

परवा पेटीवर फुलं ठेवताना
मॉरीन हळूच म्हणाली, "पुरे?"
रोजच्यासारखं विचारलं,
आणि थांबली जराशी.

उजव्या कानाशी वाकली होती.