मकरानमधली विहीर

इराणच्या मकरान डोंगरात,
जिथे झुडूपसुद्धा विचार करून उगवतं,
माझ्या नकाशावर एक लाल ठिपका होता.
विहीर क्रमांक २१७. खोली नऊ मीटर.
शेरा : झाकणावर बर्फ, फोडून नमुना घेतला.

अकरा वर्षं कुणी हसलं नाही,
कारण अकरा वर्षं तिकडे कुणी सरकलंच नाही.
आम्ही एस्टोनिया उघडतो
आणि आमची चौकट एस्टोनियाच्याच कडेला संपते.

चूक एवढीशीच.
एकोणसाठ आणि सव्वीस यांनी घरं बदलली,
अक्षांशाच्या रकान्यात रेखांश जाऊन बसला,
आणि अल्लिकावेरे गावची विहीर
उंटांच्या वाटेवर जाऊन पडली,
नायट्रेटचे आकडे पदरात घेऊन :
अडतीस. सत्तेचाळीस. एकसष्ट. चौऱ्याहत्तर.
पन्नासच्या वर लाल, असा आमचा नियम.

इकडे गाव हिरवंगार.
भोवतालच्या चार चांगल्या विहिरींची सरासरी काढून
संगणकाने मधली पोकळी रंगवली होती,
ओलीवर चुना फासावा तशी.

मी दोन आकडे उचलून जागेवर ठेवले.
ठिपका कॅस्पियन ओलांडून एका क्षणात घरी आला.
हिरव्यात लाल उमटलं, हळूहळू पसरलं.
उर्वे म्हणाली, "फोन कर त्यांना."
मी गाडी काढली.

हिल्या पार्नपू, वय एक्याऐंशी, अंगणात उभी.
"दर शरदात ती मुलगी येते," म्हणाली,
"बाटली भरते, चिठ्ठी चिकटवते, जाते.
मला वाटलं, काही असतं तर सांगितलं असतं."

आडात असेल ते पोहऱ्यात येतंच.
पोहऱ्यात आलं, बाटलीत आलं,
प्रयोगशाळेत, रकान्यात, सगळीकडे आलं.
फक्त इथे परत आलं नाही.

चुलीवर लहानसं पातेलं होतं,
शेजारी बाळाची दुधाची बाटली, पालथी.
"पणतीसाठी. मी उकळूनच देते हं,
दहा मिनिटं, घड्याळ लावून."
उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाटतं,
हे वाक्य माहितीपत्रकात मीच लिहिलंय,
पान तीन, ठळक अक्षरांत.
तिच्या स्वयंपाकघरात ते घशाशी अडकलं.

शेवटी सांगितलं. ती खाली बसली.
पातेल्याखालची आच आधी तिनेच बंद केली.
बऱ्याच वेळाने विचारलं,
"मग इतकी वर्षं आम्ही कुठे होतो म्हणालास?"

"मकरानमध्ये."

"ऊब असते का तिकडे?"