मसावि

अंबडच्या शेडमध्ये टेबलावर पाण्याचे बारा मीटर,
उघड्या पोटांचे, वायरी बाहेर आलेले.
वीज आली की सगळे एकदम जागे होतात
आणि प्रत्येकाने पहिलं काम हेच करायचं:
दोन मूळ संख्या शोधायच्या,
तीनशे आकडी, कुणाला सुचणार नाहीत अशा.
त्यांचा गुणाकार जगाला दाखवायचा,
त्या पोटात ठेवायच्या.

पद्धत मीच लिहिली.
कुठलीतरी संख्या उचल. सम निघाली तर एक मिळव.
तीनने जाते का बघ, पाचने, सातने, अकराने.
नाही गेली तर साक्षीदार बोलाव, चाळीस.
एकानेही फोडली तर टाकून दे, दुसरी घे.
तीन-साडेतीनशे विषमांत एखादी टिकते.
चाळिसांनाही फुटली नाही
तर मूळ आहे असं धरून चाल.
(धरून चाल. याहून जास्त
मी कंपनीला कधी लिहून दिलेलं नाही.)

वडील नोटांच्या छापखान्यात होते, नाशिकरोडला.
एकतीस वर्षं नंबर तपासले, एकापुढे एक.
मधला एखादा सापडेना, तर पाळी सुटायची नाही
आणि जेल रोडच्या खोलीत आम्ही भाकरी झाकून बसायचो.
त्यांना म्हटलं, मला असे आकडे लागतात
की मागच्यावरून पुढचा कळता कामा नये.
"मग हरवला, तर कळणार कसं?"
याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

मंगळवारी क्षितिजा मोगलने
दोन गुणाकार शेजारी शेजारी ठेवले,
एक सातपूरच्या मीटरचा, एक देवळाली गावातला.
मसावि काढला.
पाचवीच्या वहीतला, लसाविच्या शेजारचा, तोच.
उत्तर एक यायला हवं होतं.
आली तीनशे आकडी संख्या.
दोघांच्या पोटात एकच मूळ,
आणि दोन्ही कुलपं उघडी, चहा गार व्हायच्या आत.

साक्षीदार खोटं बोलले नव्हते.
संख्या चोख होती. चूक उचलण्यात होती.
वीज गेली, आली, दोघं एकाच क्षणाचे जन्मलेले,
ना काही ऐकलेलं, ना कुणी हात लावलेला,
आणि आपण त्यांना म्हणतो,
कुणाच्या मनात नसेल असं काहीतरी बोला.
दोघंही बोलले. ट्यां.

रात्री एकच ओळ वाढवली:
नळाला पाणी येईपर्यंत थांब.

आज पहाटे पाथर्डी फाट्यावर, आमच्याच मोरीत,
तेरावा मीटर जोडून बसले आहे.
आधी हवा फुसफुसते. मग खोकल्यासारखं काही, गढूळ.
गंगापूर धरणापासून इतके वळसे घेऊन आलेलं पाणी
चक्रीला कधी ढकलतं, कधी नुसतं चाटून जातं.
दोन ठोक्यांमधल्या अंतराचे
अगदी शेवटचे आकडे तेवढे मी घेते आहे,
जे मलाही सांगता येणार नाहीत.

वडील उठून दाराशी उभे आहेत, स्वेटर उलटा.
सवयीने ठोके मोजतायत.
काय करताय विचारलं, तर बोट ओठांवर ठेवलं.
मध्ये बोलू नकोस. चुकेल.