नो-रीड

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, शीतगृहाच्या दारापुढे
पिवळा हात उभा आहे, सहा सांध्यांचा.
त्याच्या मनगटावर मी दोन डोळे बसवले.

एक कॅमेरा. त्याला खोका दिसतो,
पट्ट्यावर किती तिरका आलाय, कोपरा कुठे,
उचलायचा तर कुठून.
आत माकुल आहे की राणीमासा, त्याला घेणं नाही.

दुसरा वाचक. त्याला खोका दिसत नाही,
फक्त काळ्या रेघा, जाड, बारीक, मधली पांढरी फट.
कुणाचा माल, कुठल्या दिवसाचा, कुठल्या कंटेनरात चढणार
हे घडाघडा म्हणून दाखवतो.
खोका हातभर आहे की बोटभर, ते मात्र त्याला विचारू नका.

दोघांची ओळख करून देण्यात
माझे अकरा दिवस गेले.
बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद छातीशी धरून
मी त्या हातापुढे उभी राहायचे,
जरा डावीकडे, जरा वर, आता तिरकं,
लग्नात फोटोग्राफर नवरीची हनुवटी फिरवतो तशी.

बाराव्या दिवशी हात चालला.
तीनशे खोके, एकावर एक, काटकोनात.
मग कुणीतरी दार उघडं टाकलं
आणि खाडीवरची दमट हवा आत शिरली,
उणे अठराच्या पुठ्ठ्यावर टेकली,
लेबलांवर तांदळाच्या पिठासारखं हिम धरलं.

नो-रीड.
नो-रीड.
नो-रीड.

कॅमेरा सांगतच होता, हा काय, इथे आहे, उचल.
वाचक गप्प.
हात अर्ध्यावर थांबला,
पंगतीत बसलेला पाहुणा मीठ यायची वाट बघतो तसा.

मी दिव्याचा कोन बदलला.
लाल काढून निळा लावला.
पुण्याला फोन केला. पुणं म्हणालं, इथे तर चालतंय.

पॅकिंगच्या झुलेखाबी सोलकर
एवढा वेळ बघत होत्या, एकोणीस वर्षं त्याच जागी उभं राहिलेल्या.
आल्या. हातमोजा काढला.
लेबलावर अंगठा ठेवला,
तसाच फिरवत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बीप.

"काय लिवलाय गं ह्येच्यावर?"
म्हटलं, नुसता नंबर. नाव दुसरीकडे असतं,
कॉम्प्युटरमध्ये. रेघा फक्त पान दाखवतात.

त्यांनी शेजारच्या खोक्यावरच्या हिमात
नखाने ओढलं. दोन लांब. एक आखूड. एक आडवी.
"माज्या बापाच्या बोयांवर ह्योच व्हता, कोयत्यान खाचलेला.
इस्माइलचा बोया येळणेश्वराला लागला.
तितल्या खारव्यान खाचा बगितल्या, यस्टीन घेऊन आला,
घर इचारीत इचारीत, मिरकरवाड्यापत्तर."
हातमोजा चढवत म्हणाल्या,
"कुनाचा ता समाजला. कुटं, ता नाय."

हात सुरू झाला होता.
मी आकड्यांकडे बघत राहिले, वाचले नाहीत.

आता पट्ट्यावर गरम हवेची एक नळी आहे.
बिलात मी लिहिलं, ब्लोअर, एक नग.
तरी हजारात एखादा खोका सुटतोच,
तो बाजूच्या टेबलावर जातो, तिथे अंगठा असतो.

अशा प्रत्येक खोक्याचा फोटो मी जपून ठेवते.
जागा आहे, नाव नाही,
त्यांचा वेगळा फोल्डर आहे, तारीखवार.

नाव आहे, जागा नाही,
त्यांचा करायला घेतला होता एका रात्रपाळीत.
रिकामाच राहिला.
समोर काही नसेल तर
कॅमेरा फोटो काढत नाही,
मीच तसं लिहून ठेवलंय.