मोजदाद

ब्रुअरीचा कारकून सकाळीच आला,
टोपी काउंटरवर ठेवून वही उघडली.
ग्लास चौसष्ट, पैकी नऊ टवके उडालेले.
पिंपं अकरा. थुंकीची पितळी भांडी सहा.
आरसा एक, कोपऱ्यात तडा.
तडा माझ्या जन्माआधीचा आहे, मी म्हणाले.
तेवढं त्याने लिहिलं नाही.

मग काचेच्या पेटीपाशी थबकला.
आत चामड्याचा चेंडू,
म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा बसलेला,
तोंडाशी वादी आवळलेली.
"हा कुठल्या रकान्यात घालू, मिस एंटविसल?"

बाप माझा, जेबेझ एंटविसल,
दहाव्या वर्षी गिरणीत लागला,
अर्धा दिवस तुटले धागे जोडायला,
उरलेला अर्धा शाळेत झोपायला.
एकोणिसाव्या वर्षी हॅरोक्लफच्या क्लबाने त्याला
मागांमधून उचलला.
खेळाचे पैसे घेणं तेव्हा पाप होतं,
म्हणून शनिवारी सामना संपला की
त्याच्या बुटात आपोआप
दहा शिलिंगांचं सोन्याचं नाणं निघायचं.
आई म्हणायची,
दुसऱ्या गावांचा देव चर्चमध्ये राहतो,
आमचा बुटात.

सत्ताविसाव्या वर्षी गुडघा गेला.
जिन्यावर आधी गुडघ्याचा आवाज यायचा,
मग बाप.
ब्रुअरीला दारावर रंगवायला त्याचं नाव हवं होतं.
त्यांनी पब दिला.
हिशेब आईने शिकून घेतला.

रात्री आठला कुणीतरी म्हणायचंच,
जेबेझ, तो फायनलचा गोल सांग ना.
मी पाळण्यात होते तेव्हा
गोल बारा यार्डांवरून झाला होता.
माझी वेणी वाढत गेली तसा तोही लांबत गेला,
अठरा, बावीस, तीस.
दर यार्डामागे एक पाइंट कुणी ना कुणी पाजायचं,
आणि मालकाला नको म्हणता येत नाही.
डॉक्टर पुढे यकृत म्हणाले.
मी मनात यार्ड मोजले.

एका नोव्हेंबरात, धुक्यात,
एक परका माणूस येऊन शेगडीजवळ बसला.
हात परातीएवढे, दोन बोटं वाकडी.
अर्धा पाइंट घेतला, तोही पुरवून पुरवून.
गोष्ट भरात आली होती.
बापाची नजर त्या बोटांवर गेली
आणि वाक्य तिथंच राहिलं,
उचललेल्या पायासारखं.

कुणीतरी त्या माणसाला विचारलं,
तुम्ही पाहिलाय का तो सामना?
"पाहिलाय. बऱ्यापैकी जवळून.
तीसच होते. वाराही समोरचा होता."
ग्लास ठेवला, पैसे ठेवले,
दार नीट ओढून घेतलं.

बाप तळघरात उतरला तो वर येईना.
दिवा घेऊन गेले तर पिंपावर बसलेला.
म्हणाला, सेलिना, मी घसरलो होतो गं.
पाय लागलाच नव्हता.
चेंडू त्याच्याच खांद्याला लागून आत गेला,
जाळी नव्हती तेव्हा,
आत गेल्यावरही तो लांबवर चिखलात जात राहिला
आणि आम्ही दोघंच त्याच्याकडे बघत होतो.

त्यानंतर गोष्ट बंद नाही पडली.
पण तीसच्या पुढे कधी गेली नाही.

"कुठल्या रकान्यात?" कारकून अजून उभाच.
चेंडू बोल्टनच्या बाजारातला,
तीन शिलिंगांना, जुना म्हणून घेतलेला.
लिहा, किरकोळ.
त्याने लिहिलं. टाक पुसला.
मग आवाज खाली आणून म्हणाला,
माझे आजोबा सांगायचे, तीस यार्ड.
खरं का हो ते?

वारा समोरचा होता, मी म्हणाले.

त्याने मान हलवली, पान उलटलं.
खुर्च्या मोजायच्या राहिल्या होत्या.