गोत्तिल्ला

वडगावात, विष्णू गल्लीच्या टोकाला
ईराण्णा लोकरींच्या मागांच्या खडखडाटात
एक कॉम्प्युटर आहे, साड्यांचे काठ आखणारा.
माझ्या लग्नाहून जुना.

सोमवारी त्यात नवी सिस्टीम घातली
आणि तो उठता उठता मरू लागला.
दर खेपेला, त्याच पायरीवर.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी,
कीबोर्डवरचे दिवे तेवढे लुकलुकत.

रॅम काढून खोडरबरानं घासली.
सेल बदलला. पंख्यात अडकलेले
जांभळे, पोपटी तंतू चिमट्यानं ओढले.
"मोनाप्पा, काय करूलालास दोन दिवस?"
चहा आला, निवला.

शेवटी पडद्याचा फोटो काढला,
दोन बोटांनी ताणून मोठा केला
आणि खालून वर वाचत गेलो,
चिखलातली पावलं उलटी मोजावीत तसा.
जिथं पाय अडला तो बाइट कंसात होता:
सी फाइव्ह.

जुनी सिस्टीम लावून प्रोसेसरला विचारलं,
तुला येतं तरी काय काय?
त्यानं भली लांब यादी दिली.
तेवढं एक नव्हतं तीत.

कर्नल मीच बांधला होता,
रविवारी रात्री, घरच्या नव्या लॅपटॉपवर.
‘याच यंत्राला साजेसं कर’
ही खूण काढायची राहिली.
त्यानं केलं. याच यंत्राला.

ईराण्णांनी ऐकून घेतलं.
"म्हणजे दोनशेचाळीस हुकांचं कार्ड
एकशेवीसच्या जॅकार्डवर चढवलंस म्हण की."
तसंच.
"पण माग थांबत नाही बघ तेव्हा.
चुकीचं विणत राहतो.
दहा वार झाल्यावर कोयरीला शेपूट नाही, हे दिसतं."

हा थांबला. न कळलेल्या पहिल्याच अक्षराला
‘गोत्तिल्ला’ म्हणाला आणि खाली बसला.
आणि मी त्याची रॅम घासत होतो.

गेल्या महिन्यात वीज ऑफिसच्या खिडकीवर
बाई भरभर काहीतरी कन्नडात सांगत होत्या.
मागं रांग. मी हौदु, हौदु म्हणत गेलो
आणि तीन ठिकाणी सही केली.

आज रात्री कर्नल पुन्हा बांधायला लावलाय,
साध्या, जुन्या आज्ञांचा. पहाटेपर्यंत चालेल.
लॅपटॉप तापलाय, खाली पाट ठेवलाय.

उद्या खिडकीवर जायचं,
आणि विचारायचं
मी कशावर सही केली.