वारसनोंद

घराच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव,
म्हणून गेले महापालिकेच्या जुन्या दप्तरात.
जन्म-मृत्यूची वही, साखर पेठ.
कारकून म्हणाला, ‘हळू उलटा ओ मॅडम,
तुकडा पडला की माणूसच गेला की.’

आजोबा सापडायच्या आधी सहाजण सापडले.
बाप एकच: गुंडेटी नरसय्या, धंदा माग.
मुलगी, वय तीन, देवी.
मुलगा, सात दिवस, धनुर्वात.
मुलगा, पटकी.
मुलगी, पटकी, मधे फक्त एक रात्र.
मुलगी, ताप.
सहाव्याच्या नावापुढे आडवी रेघ,
कारणापुढेही.
बारशापर्यंत पोचलं नसावं.

लिहिणाऱ्याचं अक्षर देखणं.
त्या पानावर चौदा नोंदी, अकरा पोरांच्या,
आणि शाई कुठेच फुटलेली नाही.

मग आजोबा. पेंटप्पा.
शाळेत मी हे नाव सांगायची नाही.
पेंटा म्हणजे आमच्या तेलुगूत उकिरडा.
सुपात घालून खरंच ठेवलं होतं म्हणे उकिरड्यावर,
शेजारच्या दगडूच्या आईनं उचललं
(तिचेही चार गेलेले, तिला रीत ठाऊक)
आणि पसाभर कण्यांना परत विकलं.
‘आमचं नाही हो, सापडलंय,’
पणजी गल्लीभर सांगत सुटली,
ऐकणाऱ्यानं ऐकावं म्हणून.
नाकही टोचलं. म्हातारपणीसुद्धा ते भोक होतं,
मी त्यात झाडूची काडी घालून बघायची,
आजोबा शिंकायचे, रागवायचे नाहीत.

धोटा किती दिवस थांबला, वहीत नाही.
थांबला नसेलही.
सूत सावकाराचं, मुदत सावकाराची.
पण गुंडाळायला हातभर कापड लागतंच,
ते मागावरचंच उतरवलं असणार.
सहा वेळा लुगडं मापात कमी भरलं असेल,
सहा वेळा मजुरी कापली गेली असेल.
ती वही कुणाकडे असेल, कोण जाणे.

अर्जात विचारलंय:
मूळ मालकाची इतर अपत्ये.
‘निरंक लिवा की,’ कारकून म्हणतो,
‘सगळे तसंच लिवतेत.’
बोटभर रकाना.
पेनाचं टोपण काढून बसलेय मी,
मागे रांग वाढतेय.