चूल क्रमांक दोन

अर्जाच्या तिसऱ्या पानावर
'कुटुंब' या शब्दाखाली बारीक टायपात होतं :
एका शिधापत्रिकेवरची सगळी माणसं
आणि त्यांचं सगळं उत्पन्न.

सगळं, म्हणजे
माझा लॅबचा पगार,
शीतलच्या गिरणीतून लाइटबिल जाऊन जे उरतं ते,
आणि अक्कांना महिन्याला मिळणारे एकोणीसशे.
आण्णा लाइनमन होते. खांबावरून पडले,
त्याचे.

सेतूतल्या पोरानं बेरीज दोनदा केली.
'अकराशे चाळीसनं जातंय वहिनी.'
'महिन्याला?'
'वर्षाला की.'

पहाटे पाचला मी निघते.
किल्ला भाग, ब्राह्मणपुरी, मग पार म्हैसाळ रस्त्यापर्यंत
उपाशीपोटी ताटकळलेली माणसं
बाही वर करून दारात बसलेली असतात.
कुप्या बर्फाच्या डब्यात, डबा मांडीवर,
मी शेअर रिक्षात तिसरी.
संध्याकाळी रिपोर्ट वाटत वाटत घरी यायला सात.
हिवाळ्यातले सात म्हणजे मिट्ट काळोख,
आणि दिवस मावळल्यावर
अक्का तोंडात घास घालत नाहीत.
सकाळची भाकरी खाऊन घेतात दुपारी कधीतरी,
विचारलं तर म्हणतात, भूकच नव्हती.

गाडी त्यासाठी हवी होती.
बॅटरीची. सूट मिळाली तरच हप्ता झेपणारी.

घेवडा निवडता निवडता अक्का म्हणाल्या,
'माझं नाव काढ त्यातनं.
माझं कार्ड येगळं करा.
एकोणीसशेच्या बाईला कोण इचारतंय?'
शीतल काही न बोलता गिरणीवर गेला.
त्या दिवशी सोमवार होता,
सोमवारी आमच्याकडे लाइट नसते.

कार्ड वेगळं तर चूल वेगळी.
मागच्या खोलीत एका बर्नरची शेगडी आणली,
पाच किलोची टाकी, उलथणं, चिमटा.
पातेली नवी दिसू नयेत म्हणून
दोन मी मुद्दाम करपवली.

तलाठी काझी भाऊसाहेब चपला बाहेर काढून आले,
कॉटवर टेकले, फाइल उघडली.
'भांडण झालं का आजी?'
'न्हाई बा. गाडी घ्यायचीय.'

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

भाऊसाहेबांनी मान वर केली नाही.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
म्हणाले, 'चहा घेईन. पण कुठल्या चुलीवरचा?'
अक्का उठल्या. मागं गेल्या.
काडी पहिल्या झटक्यात पेटली नाही, दुसऱ्या पेटली.
त्यांनी कप संपेपर्यंत प्याला
आणि लिहिलं :
स्वतंत्र राहते. स्वतंत्र शिजवते.

गाडी आली. आकाशी रंगाची, आवाज नसलेली.
अक्कांनी तिला हळदकुंकू लावलं,
चाकाखाली लिंबू ठेवलं.
'बसा की मागं, चौकापर्यंत जाऊन येऊ.'
'मी कुठं तुमच्यात हाय आता?'
हसून म्हणाल्या.
हसूनच म्हणाल्या.

आता सव्वापाचला मी दारात असते.
समोरच्या भिंतीवर ऊन असतं अजून, वीतभर.
हेल्मेट काढायच्या आत
मागच्या खोलीतून फोडणीचा वास येतो,
मग ताट घासल्याचा आवाज.
'रिकामीच हुते, करून घेतलं.
तुला कशाला तरास.'
करपवलेली पातेली
त्यांनी राखेनं घासून लख्ख केलीत.

जाड पिनेचा सॉकेट घरात एकच.
मागच्या खोलीत, शेगडीच्या वर,
आण्णांनी स्वतः बसवलेला.
त्यामुळे गाडीची वायर रोज रात्री
अक्कांच्या कॉटवरून जाते.
केव्हा भरली ते त्यांनाच कळतं.
पहाटे उठते तेव्हा
वायर नीट गुंडाळून
दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर ठेवलेली,
बाजूला, झाकण घालून,
चहा.

कुठल्या चुलीवरचा
ते मी विचारत नाही.